मूळ ठिकाण: माहीत नाही

सरांना कुणाच्या घरी जेवायला घेऊन जायचं म्हटलं की मी आधी सबबी शोधायची. एकदा इथं सिंगापुरात, वुडलँड्सला, माझ्या ऑफिसातल्या मॅनेजरबाईंकडे गणपतीचं जेवण होतं. बाईंनी कौतुकानं नवा डिनर सेट काढला होता. चटणी-कोशिंबीर वाढून झाली होती. सर बसले, त्यांनी समोरची प्लेट दोन्ही हातांनी उचलून डोक्याच्या वर धरली आणि खालून बघायला लागले. कोशिंबिरीचं पाणी त्यांच्या बाहीत ओघळलं. "अहो," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दबक्या आवाजात म्हणाल्या. सरांचं लक्ष नव्हतं. "चिनी माल आहे," त्यांनी जाहीर केलं, "शिक्का तेवढा इंग्लंडचा मारलाय." सेट खास इंग्लंडहून आणल्याचं बाईंनी आम्हांला नुकतंच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्या घरचं आमंत्रण आलं नाही, आणि मला बाईंचा अजिबात राग आला नाही.

मी क्लेमेंटीला त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्यानं राहायचे. पुण्याहून नोकरीसाठी नुकतीच आलेली, डोक्यात सदैव कोड आणि डेडलाइन. घरात सर, काकू आणि त्यांची मुलगी. मुलगी लग्नानंतर फार उशिरा झालेली, त्यामुळे आई-बाप तिच्या आजी-आजोबांच्या वयाचे. ती सिंगापुरातच शिकलेली, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीतून द्यायची आणि वर इथल्या लोकांसारखा शेवटी 'ला' लावायची.

सर पुरातत्त्ववाले. पुण्यात बरीच वर्षं शिकवलेलं, मग इथल्या एका धनाढ्य माणसानं आपल्या बंगल्यातल्या खासगी संग्रहासाठी त्यांना बोलावून घेतलं. त्या माणसाला घरात सगळे 'मालक' म्हणायचे. मालकांकडे इराणातली पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची रंगवलेली भांडी होती. पिवळसर मातीची, आणि भाजण्याआधी त्यांवर काळ्या-तपकिरी रंगानं काढलेली चित्रं. लांब मानेचे पक्षी, चौकटी, पाण्याच्या रेषा आणि रानबकरे. मला मडक्यांतलं काय कळतंय, पण तो बकरा मलाही आवडायचा. अंग एवढंसं, आणि शिंगं वळून वळून पार शेपटीपर्यंत गेलेली. "बकरा काढायचाच नव्हता त्याला," सर म्हणायचे, "शिंगं काढायची होती. त्यांना काहीतरी आधार पाहिजे म्हणून खाली बकरा."

ही भांडी तपासायची, मोजायची, त्यांची चित्रं काढायची आणि प्रत्येकाचं एक कार्ड करायचं, एवढं सरांचं काम. कार्डावर आकार, माती, रंग, अंदाजे काळ, सगळं बारीक अक्षरात. आणि शेवटची ओळ, मूळ ठिकाण. तिथं सर प्रत्येक कार्डावर एकच लिहायचे. माहीत नाही. इंग्रजीतून अर्थात, पण आमच्याशी बोलताना ते मराठीतच सांगायचे आणि असं काही ठसक्यात सांगायचे की ऐकणाऱ्यालाच आपलं काही चुकलं असं वाटावं.

हा त्यांचा शब्द घरातही चालायचा आणि तिथं मात्र तो नाकी नऊ आणायचा. सर, पाऊस येईल का? माहीत नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का? "माझ्या पानात बरोबर आहे. कढईत आहे का, माहीत नाही." मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, अंदाज म्हणून काही असतो की नाही?" तर म्हणाले, "असतो ना. पण त्याला अंदाज म्हणावं. लोक अंदाज करतात आणि रात्रीतून त्याला माहिती म्हणायला लागतात." मी कपाळाला हात लावला आणि भाजीत मीठ घातलं.

घरात काही फुटलं की ते टाकायची सोय नव्हती. माझा पुण्याहून आणलेला मग माझ्याच हातून फुटला तेव्हा मी रडकुंडीला आले होते, आणि हे गृहस्थ जमिनीवर बसून तुकडे टॉवेलवर मांडतायत. मग त्यांनी त्याचं चित्र काढलं. मडक्याचं चित्र काढायची त्यांच्या लोकांत एक रीत असते. मधोमध एक उभी रेघ. उजव्या अंगाला भांडं बाहेरून जसं दिसतं तसं, आणि डाव्या अंगाला ते कापल्यावर जसं दिसेल तसं, म्हणजे भिंत किती जाड, तळ किती खोल, सगळं कळतं. माझ्या मगावर 'हॅपी बर्थडे' लिहिलेलं होतं, त्यातलं चित्रात फक्त 'बर्थडे' आलं. ते चित्र त्यांनी मला सही करून दिलं. मला हसावं की रडावं कळेना.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, तर ते प्रसिद्धच होते. नूडल्स संपले की वाटी उलटी. एका स्टॉलवरची आंटी त्यांना बघितलं की ओरडायची, "अंकल, यू ईट ऑर यू चेक?" सर तिला अत्यंत गंभीरपणे सांगायचे, "फर्स्ट ईट."

प्रत्येक भांडं उलटं करून का बघता, असं मी विचारलं होतं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. म्हणाले, "समज, एक साधं मडकं आहे. स्वयंपाकघरात सापडलं तर ते पाण्याचं. देवापुढं सापडलं तर तो नवरात्रातला घट. आणि स्मशानात सापडलं तर तू पुढं काही विचारणारच नाहीस. मडकं तेच आहे. मग फरक कशात? कुठं सापडलं त्यात. कुठून तरी चोरून उकरलं आणि बाजारात आणून ठेवलं, की त्याला काही बोलताच येत नाही. दिसायला सुंदर, किंमत भरपूर, आणि मुकं. मालकांकडं सगळी मुकी भांडी आहेत." मग म्हणाले, "त्यांच्या तोंडी आपण शब्द घालायचे नाहीत. एवढंच माझं काम."

तरुणपणी सर स्वतः इराणात खणायला गेले होते. तिथली क्रांती होण्याआधीचे शेवटचे दोन हंगाम. पूर्वेकडं, वाळवंटाच्या कडेला, एक मातीचं टेकाड. त्याच्याबद्दल बोलायला लागले की सरांचा आवाज बदलायचा. सकाळची थंडी, दातांत साखरेचा खडा धरून प्यायलेला चहा, बादलीत खापरं घालून ब्रशनं धूत बसलेले सगळे. गंमत म्हणजे त्या टेकाडात काही निघालंच नाही. रंगवलेला एक तुकडा नाही. नुसती जाड, तांबडी, साधी भांडी. बरोबरचे गोरे लोक चिडले होते म्हणे. सर मात्र खूश. "गरीब गाव होतं," ते सांगायचे, "रंगवायला सवड नसणार. पण किती नीट वळलेली होती भांडी." पुढं देशात उलथापालथ झाली, मंडळी मिळेल त्या विमानानं पांगली, नोंदी कुठल्या गोदामात पडल्या कुणाला ठाऊक नाही. अहवाल निघालाच नाही. बरोबरची माणसं एकेक करत गेली. त्या टेकाडात काय होतं आणि काय नव्हतं हे जाणणारे जगात सरच उरले होते.

आता त्या कार्डाचं सांगते. सांगायला नको वाटतं, पण त्याच्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

मालकांनी संग्रहाचं प्रदर्शन करायचं ठरवलं. परदेशातून मोठी मोठी माणसं येणार. त्यांनी सगळी कार्डं वाचली आणि सरांना बोलावून घेतलं. घरी येऊन सरांनी ते बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मालक म्हणाले होते, "प्रोफेसर, हे काय अनाथाश्रमाचं रजिस्टर आहे? एवढ्या लोकांना बोलावून मी त्यांना 'अननोन' दाखवू?" सर म्हणाले, जे नाही ते कसं लिहू. मालक म्हणाले, सगळं राहू दे तसंच, पण तो शिंगवाल्या बकऱ्याचा मोठा पेला मधोमध ठेवणार आहे, त्याला तरी गाव पाहिजे. "तुम्ही तिकडं खणलंय. तुम्हांला नाही कळणार तर कुणाला?" आणि मग अगदी गोड आवाजात, तुमच्या कराराचं नूतनीकरण या महिन्यात आहे ना?

ते वर्ष मुलीच्या ए-लेव्हलचं, म्हणजे इथल्या बारावीचं होतं. करार गेला की सरांचा इथं राहायचा पास रद्द, आणि त्या पासावर काकू आणि मुलगी. म्हणजे परीक्षेच्या तोंडावर चंबूगबाळं आवरून पुण्याला. पोरगी दोन वर्षं मान मोडून अभ्यास करत होती. पुण्यात तिला कुठल्या कॉलेजानं मध्येच घेतलं असतं?

जेवायला बसलो. मुलगी पटकन म्हणाली, "पपा, जस्ट राइट समथिंग, ला. इट्स ओन्ली अ कार्ड." सर वरणासाठी भातात आळं करत राहिले. काकू कधी त्यांच्या कामात बोलायच्या नाहीत. त्या दिवशी वरणाचं पातेलं खाली ठेवून म्हणाल्या, "आयुष्यभर तुम्ही खरं लिहिलंत. कुणी विचारलं नाही, कुणी हार घातला नाही. एक कार्ड माझ्यासाठी लिहा." मीही म्हटलं, लिहून टाका सर, मेलेल्या माणसांचं मडकं, कुणाचं काय जातंय? आणि मी आजही तेच म्हणेन. पोरीचं वर्ष वाया जाऊ द्यायचं का एका मडक्यापायी?

सरांनी लिहिलं.

पण लिहावं तर कसं? दुसरा कुणी असता तर तो सूसा लिहून मोकळा झाला असता. इराणच्या पश्चिमेकडचं नावाजलेलं ठिकाण, असली भांडी तिथं ढिगानं निघाली आहेत. कार्डाकडं कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. सरांनी आपल्या त्या टेकाडाचं नाव लिहिलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, एकदा नको तिथं लिहिलं गेलं तेवढं पुरे. मी चकित होऊन विचारलं, सर, तेच का? तर म्हणाले, "सूसा मी खणलेलं नाही. दुसऱ्यांच्या कामात माझं खोटं कशाला मिसळू? खोटं घालायचंच आहे तर माझ्या घरात घालतो. तिथलं कुणी उरलेलं नाही. माझं मीच निस्तरीन."

मला तेव्हा यात फार मोठेपणा दिसला होता.

प्रदर्शन झालं. मी आणि काकू साड्या नेसून गेलो. मधोमध काचेत तो पेला, खालून उजेड सोडलेला, आणि शेजारी कार्ड. लोक वाकून वाचत होते, माना डोलवत होते. सर त्या दालनात आलेच नाहीत. बाहेर बागेत एका खुर्चीवर बसून राहिले. करार पुढं चालू राहिला, मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, तिला इथल्याच युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. काकूंनी बेसनाचे लाडू केले. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं.

सर तेवढे बदलले. हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खायचे आणि वाटी तशीच ठेवून उठायचे. ती आंटी एकदा मला म्हणाली, "युअर अंकल सिक, इज इट?" काही विचारलं तर त्यांचं ते ठसक्यातलं उत्तरही येईना. पाऊस येईल का म्हटलं तर खिडकीकडं बघून "येईल" म्हणायचे. मला ते ऐकून रडूच यायचं. एवढी वर्षं ज्या उत्तराचा वैताग केला, ते एकदा तरी ऐकू यावं म्हणून मी मुद्दाम नाही नाही ते विचारायची. ते आपले हो, नाही, बरं.

पुढं माझं लग्न झालं आणि मी सिंगापुरातच, सेम्बावांगला, राहायला गेले. अधूनमधून जायची. असंच एका रविवारी दुपारी चकल्या घेऊन गेले तर घरात पाहुणी. मराठीच, तिशीच्या आतली, नाशिककडची. इथं युनिव्हर्सिटीत संशोधन करत होती. सरांना भेटायला म्हणून मुद्दाम वेळ घेऊन आलेली, आणि आल्या आल्या त्यांच्या पाया पडलेली. चेहरा नुसता फुललेला. इराणातली रंगवलेली भांडी कुठून निघाली आणि कुठवर पसरली, हा तिचा विषय. तिनं लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. पश्चिमेकडं ठिपक्यांची दाटी, मध्यावर थोडे विरळ, आणि पार पूर्वेला, वाळवंटाच्या कडेला, एकच लाल ठिपका.

"सर, हा तुमचा, पेल्याच्या कार्डावरून घेतलेला," ती म्हणाली. "सगळे म्हणत होते ही कला इतक्या लांब गेलीच नाही. तुमच्या पेल्यानं सगळं फिरवलं. यावरच माझा पेपर आला, त्यावरच मला पुढची नोकरी मिळाली. म्हटलं आधी तुम्हांला दाखवायचं."

सरांनी चष्मा लावला. बराच वेळ नकाशा बघितला. मग म्हणाले, "तो ठिपका काढ."

"का सर?"

"तो पेला तिथला नाही."

"मग कुठला?"

"माहीत नाही," सर म्हणाले. अडीच-तीन वर्षांनी मी ते ऐकत होते, आणि तोच जुना आवाज होता.

ती मुलगी मनापासून हसली. "सर, तुमचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी पेपरात लिहिलंयसुद्धा. म्हटलंय, या विद्वानानं अख्ख्या संग्रहात एकाही भांड्याला गाव दिलेलं नाही, सगळीकडं 'माहीत नाही' लिहिलंय. गाव दिलंय ते या एकाला. एवढा काटेकोर माणूस खात्री असल्याशिवाय लिहीलच कसा? माझा सगळा भरवसा त्याच्यावरच आहे."

"खात्री नव्हती," सर म्हणाले. "मी खोटं लिहिलं. त्या टेकाडात रंगवलेला एक तुकडा निघाला नाही. मी स्वतः धुतलीत ती खापरं."

तिचं हसू विरत गेलं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं. मला कळत होतं की काकू काय मोजतायत. करार अजून चालू होता. सरांच्या मुलीची युनिव्हर्सिटीची दोन वर्षं राहिली होती. हे बाहेर गेलं तर मालक एक दिवस थांबणार नव्हते, आणि या वयात सरांना दुसरं कोण विचारणार होतं?

काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस हं, बाळा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हल्ली त्यांना आठवत नाही. काहीतरी बोलतात."

त्या मुलीनं केवढा मोठा श्वास सोडला. तिला हायसं वाटलेलं तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं, आणि मग त्या जागी दया आली. "हो, हो, काकू," ती म्हणाली, "माझ्या आजोबांचंही असंच झालं होतं."

सरांनी काकूंकडं बघितलं. मी त्यांच्या संसारात इतकी वर्षं वावरले, पण तसं बघताना त्यांना कधी बघितलं नव्हतं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. काकूंनी नजर खाली केली नाही. मग सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि त्या मुलीला म्हणाले, "चहा घे. गार होतोय."

ती पुढं बराच वेळ बसली. सरांशी मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तसं. निघताना पुन्हा पाया पडली. मला उगाचच तिचा संताप आला. तिची काय चूक होती? काकूंचा तर येतच नव्हता. कुणाचाच धड राग येत नव्हता आणि आत सगळं जळत होतं.

मी निघाले तेव्हा सर मला सोडायला लिफ्टपर्यंत आले. कॉरिडॉरमध्ये शेजाऱ्यांचे कपडे वाळत होते, ते हातानं बाजूला करत आले. मी म्हटलं, "सर, तिचा पेपर ज्या मासिकात आला त्यांना तुम्ही लिहा. सगळं नीट लिहून पाठवा." माझा मलाच तो आवाज खोटा वाटला.

"लिहीन की," सर म्हणाले. "पण आता हे सगळीकडं होणार. ती चांगली मुलगी आहे, काळजीनं चार जणांना सांगेल. यापुढं मी खरं सांगितलं की म्हणतील, म्हाताऱ्याला आठवत नाही." त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. "आणि ते कार्ड? ते माझं डोकं ठिकाणावर होतं तेव्हाचं आहे."

लिफ्ट आली. मी आत गेले, आणि दार लागेपर्यंत सर ते वाळत घातलेले कपडे हातानं बाजूला करत परत निघालेही होते.